पॅरिस, ढेकूण आणि तुमची सुटकेस

मे महिना जवळ आला की इथे पॅरिसमध्ये माझ्या फोनवर एक ठरलेला प्रश्न यायला लागतो. "अगं, येतोय आम्ही युरोपला. पॅरिसला तीन रात्री आहेत. ते ढेकणांचं काय झालं?" विचारणारी मावशी असो, कॉलेजातली मैत्रीण असो, नाहीतर आईच्या भिशीतल्या कुणाची तरी सून असो, काळजी एकच. आयफेल टॉवर बघायला लाखभर रुपये खर्चायचे आणि परत येताना बॅगेतून ढेकूण आणायचे की काय!

आधी उत्तर देऊन टाकते. पॅरिसमध्ये ढेकूण आहेत. लंडनमध्ये आहेत, न्यूयॉर्कमध्ये आहेत, आणि मुंबई-पुण्यातले संपले असं कुणी छातीठोकपणे सांगेल असं मला वाटत नाही. तरी खुशाल या. हॉटेलच्या खोलीत शिरल्यावरची पहिली दहा मिनिटं तेवढी माझ्या सांगण्याप्रमाणे घालवा.

हा सगळा धुरळा उडाला 2023च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात. मेट्रोच्या सीटवर, रेल्वेत, सिनेमागृहात ढेकूण दिसल्याचे व्हिडिओ फिरायला लागले. पुढच्या उन्हाळ्यात इथे ऑलिंपिक, त्यामुळे जगभरच्या वर्तमानपत्रांना आयतंच खाद्य मिळालं. पॅरिसचे तेव्हाचे उपमहापौर एमान्युएल ग्रेग्वार यांनी पंतप्रधान एलिझाबेथ बोर्न यांना पत्र लिहिलं. मातिल्द पानो या खासदारबाई तर ढेकणांची बाटलीच घेऊन संसदेत गेल्या. आपल्याकडे विधानसभेत कांदे आणि कापूस घेऊन जाणारे आमदार मला आठवले, आणि लोकशाही सगळीकडे सारखीच असते याची खात्री पटली. त्या आठवड्यांत मेट्रोत एक गंमत दिसायची. ऐन गर्दीच्या वेळी सीट रिकाम्या आणि माणसं दांडा धरून उभी. एरवी त्या सीटसाठी कोपराने ढकलणारी हीच माणसं!

वाहतूकमंत्री क्लेमाँ बोन यांनी मेट्रो आणि रेल्वेवाल्यांना बोलावून आढावा घेतला. आलेल्या तक्रारी तपासल्या तेव्हा एकाही ठिकाणी ढेकूण असल्याची खात्री पटली नाही, असं त्यांनी जाहीर केलं. मार्च 2024मध्ये सरकारमधले दुसरे एक मंत्री म्हणाले की रशियाशी संबंधित सोशल मीडिया खात्यांनी ही भीती मुद्दाम फुगवली होती. दरम्यान इथल्या एका टीव्ही चॅनलवर निवेदकाने ढेकणांचा स्थलांतरितांशी काही संबंध आहे का, असं विचारून घेतलं होतंच. कुठल्याही देशात किडा सापडला की माणसं आधी परका शोधतात.

म्हणजे सगळी हूलच होती का? तसंही नाही. या गदारोळाच्या आधीच, जुलै 2023मध्ये, 'आन्सेस' या इथल्या सरकारी आरोग्य-सुरक्षा संस्थेचा अहवाल आला होता. 2017 ते 2022 या काळात फ्रान्समधल्या 11 टक्के घरांना ढेकणांचा त्रास झाला, म्हणजे साधारण दर नऊ घरांत एक. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती, जिची बातमी फारशी झाली नाही: घरातल्या उत्पन्नाचा आणि ढेकणांचा काही संबंध आढळला नाही. श्रीमंताच्या घरी होतात, गरिबाच्याही होतात. गरिबाला ते घालवणं परवडत नाही, एवढाच फरक. एका घराचा सरासरी खर्च 866 युरो, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे पाऊण लाख रुपये.

आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. घर असं की फरशीवर जेवावं. त्यांच्या दंडावर ओळीने लाल गांध्या उठायला लागल्या तेव्हा त्यांनी सगळ्यांना ॲलर्जी म्हणून सांगितलं. त्वचेच्या डॉक्टरकडे गेल्या, साबण बदलला, चीज खाणं सोडलं, जे फ्रेंच माणसाने सोडणं म्हणजे हद्द झाली. शंका त्यांना केव्हाच आली होती, पण बोलायची लाज वाटत होती. तोवर पाइपांच्या भोकांतून ढेकूण शेजारच्या बिऱ्हाडात पोचले आणि तिथल्या तरुण जोडप्याने बोभाटा केला.

मग कुत्रा आला. इथे ढेकूण हुंगणारे प्रशिक्षित कुत्रे असतात. हा एक छोटा, लांब कानांचा स्पॅनियल होता. मादामच्या बेडरूममध्ये गादीजवळून तो नुसताच निघून गेला, उशीकडच्या भिंतीपाशी घुटमळला आणि विजेच्या सॉकेटखाली जाऊन ठिय्या देऊन बसला. बरोबरच्या माणसाने खटका बंद करून सॉकेटचं झाकण स्क्रू काढून उघडलं. आत कडेकडेने काळे ठिपके, टाकलेल्या कातींची पिवळट सालपटं, आणि टॉर्चचा उजेड पडताच लगबगीने मागे सरकणारे ढेकूण. अख्ख्या मसुराएवढे, तशाच तपकिरी रंगाचे, आणि इतके चपटे की पोस्टकार्ड जाईल तिथे तेही जातील. मादाम दारात उभ्या राहून आम्हा प्रत्येकाला सांगत होत्या, "बघा हो, माझं घर स्वच्छ आहे." तो माणूस शांतपणे म्हणाला, "मादाम, यांना धूळ नकोच असते. यांना तुम्ही हव्या असता."

फवारणी दोनदा झाली, मध्ये दोन आठवडे जाऊ देऊन. औषधाने अंडी सगळी मरत नाहीत, म्हणून पिल्लं बाहेर येईपर्यंत थांबून पुन्हा मारावं लागतं. मादी दिवसाला दोन-चार अंडी घालते, पांढरट, जेमतेम एक मिलिमीटरची. पिल्लाला पूर्ण वाढायला पाच वेळा कात टाकावी लागते आणि दर वेळी आधी रक्त प्यावं लागतं. पोट भरलेला ढेकूण मात्र अन्नाविना महिनोनमहिने दडून राहतो. घर महिनाभर बंद ठेवून गावाला गेल्याने काही होत नाही ते त्यामुळेच.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीने युरोप-अमेरिकेतला ढेकूण जवळजवळ संपवला होता, त्यामुळे इथल्या दोन पिढ्यांनी तो पाहिलाच नाही. पण 1947मध्येच पर्ल हार्बरच्या बराकींत डीडीटीला दाद न देणारे ढेकूण सापडले होते. आजच्या फवाऱ्यांमधली पायरेथ्रॉइड औषधंही मज्जातंतूंवर तशाच प्रकारे काम करतात, तेव्हा त्यांनाही तो निर्ढावला. 1990च्या दशकाच्या शेवटी तो परतला. स्वस्त विमानं, जुन्या फर्निचरचा बाजार आणि ढेकूण कसा दिसतो हेच विसरलेली माणसं, त्याला आणखी काय हवं? आपल्याला विसरायला वेळच मिळाला नाही. माझी आजी खाट अंगणात उभी करून सांध्या-सांध्यांत उकळतं पाणी ओतायची आणि टिक-ट्वेंटीच्या वासाला नाक मुरडायची. इथले पेस्ट कंट्रोलवाले आता 120 अंशांची वाफ सोडतात आणि त्याचे पैसे घेतात. आजीने फुकट केलं.

एक गोष्ट मात्र इथली तिथे चालणार नाही. पलंगाच्या पायांखाली गुळगुळीत प्लास्टिकच्या वाट्या ठेवायची इथे पद्धत आहे. ढेकूण त्यांत पडला की चढून बाहेर येत नाही. आपल्या उष्ण प्रदेशातली जात वेगळी, आणि ती गुळगुळीत भिंतही चढते. या बाबतीत आपला ढेकूण सरस, उगाच अभिमान वाटून घ्यायचा तर घ्या.

शिकायला येणाऱ्या मुलांसाठी दोन शब्द, कारण जास्त फसतात ती हीच. फूटपाथवर ठेवलेली गादी, सोफा, लाकडी पलंग कितीही नवा दिसला तरी उचलायचा नाही. इथे लोक नको असलेलं सामान नगरपालिकेच्या गाडीसाठी बाहेर ठेवतात, आणि ते का नकोसं झालं हे त्यावर लिहिलेलं नसतं. जुने कपडे ऑनलाइन घेतले तर थेट 60 अंशांच्या धुण्यात. बाजारात गुपचूप विकल्या जाणाऱ्या जहाल औषधांच्या बाटल्या घेऊ नका. त्यांत डायक्लोरव्हॉस असतं, आपल्याकडे जे 'नुव्हान' म्हणून मिळायचं ते. युरोपात ते वापरायला बंदी आहे आणि बंद खोलीत त्याने माणसांना विषबाधा झालेली आहे. भाड्याच्या घरात ढेकूण निघाले तर घरमालकाला लगेच लेखी कळवा. 2018च्या 'एलान' कायद्याने किडे-उपद्रव नसलेलं घर देणं ही मालकाची जबाबदारी आहे. तो आधी तुमच्यावरच ढकलेल, तरी पत्र जाऊ द्या.

आता तुमची दहा मिनिटं. खोलीत शिरलात की बॅग पलंगावर टाकायची नाही, गालिच्यावरही नाही. ती बाथरूममध्ये, टाइलवर किंवा टबात. ढेकणाला लपायला तिथे फारसं काही नसतं. मग मोबाइलचा टॉर्च लावा, चादर उशाकडून उचला आणि गादीची शिवण बघा, विशेषतः कोपऱ्यांतली गोट मारलेली किनार. काय शोधायचं? शाईच्या पेनाचं टोक टेकवल्यासारखे काळे ठिपके. ओल्या टिश्यूने पुसले आणि तांबूस-काळे फराटे पसरले, तर ती ढेकणाची विष्ठा, म्हणजे तुमच्या आधीच्या पाहुण्याचं रक्त. चादरीवरचे बारीक रक्ताचे डाग, सालपटं, हेही बघा. त्यानंतर पलंगाचं डोकं आणि भिंत यांच्यामधली फट. मला विचाराल तर गादीपेक्षा तिथेच जास्त वेळ द्यावा, कारण गादी हॉटेलवाले बघतात, ती फट कुणी बघत नाही. जाता जाता बाजूच्या छोट्या टेबलाचा खण आणि बॅग ठेवायच्या स्टँडचे पट्टे. झालं. तारांकित हॉटेल असलं तरी हे करायचं. तारे ढेकणाला दिसत नाहीत.

ग्रुप टूरवाल्यांनी हे दर हॉटेलात करायचं, कंटाळा आला तरी. तुमच्या चाळीस जणांच्या बॅगा रोज बसच्या पोटात एकमेकींना चिकटून प्रवास करतात, तेव्हा शेजारच्या जोशीकाकांनाही हे सांगा.

वापरलेले कपडे खुर्चीवर टाकू नका. शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017मध्ये दाखवून दिलं की स्वच्छ कपड्यांच्या पिशवीपेक्षा वापरलेल्या कपड्यांच्या पिशवीवर ढेकूण जमण्याची शक्यता दुप्पट असते. माणूस खोलीत नसला तरी त्याचा वास कपड्यांत राहतो. म्हणून घरून दोन-चार जाड प्लास्टिकच्या पिशव्या आणा, मळके कपडे त्यांत घालून तोंड घट्ट बांधा.

घरी पोचल्यावर बॅग थेट बेडरूममध्ये नेऊ नका. बाल्कनीत उघडा, कपडे तिथूनच मशीनमध्ये, आणि मशीनमध्ये पाणी तापत असेल तर 60 अंशांवर. गरम पाणी न चालणारे कपडे पिशवीत घट्ट बांधून फ्रीझरमध्ये, उणे 18-20 अंशांवर, तीन-चार दिवस. बॅगेच्या शिवणी, खिसे आणि चाकांजवळची जागा व्हॅक्यूमने साफ करा. डांबरगोळ्यांनी काही होत नाही. लव्हेंडरच्या तेलानेही नाही, मग ते दक्षिण फ्रान्सच्या सहलीत कितीही महाग घेतलेलं असो.

चावले तरी घाबरून जाऊ नका. ढेकणांमुळे माणसाला कुठला रोग होतो असं सिद्ध झालेलं नाही. खाज सुटते, झोप उडते, मन मात्र बरेच दिवस धास्तावतं. काहींच्या अंगावर काहीच उठत नाही, काहींना खुणा दिसायला दिवस लागतात. म्हणून नवऱ्याला काही झालं नाही आणि बायकोला गांधी उठली, तर "तुझ्या मनाचे खेळ" म्हणून मोकळं होऊ नये.

आणि खोलीत खरंच सापडला, तर चिरडू नका. पारदर्शक चिकटपट्टीवर पकडा, फोटो काढा आणि रिसेप्शनवर जा. दुसरी खोली मागा, पण शेजारची, वरची किंवा खालची नको. आपली माणसं इथे संकोचतात, कुजबुजत बोलतात, समोरच्याला वाईट वाटेल म्हणून. मुळीच संकोचू नका. पाठ करून ठेवा: "इल या दे प्युनेज दाँ मा शाँब्र." माझ्या खोलीत ढेकूण आहेत. लॉबीत आणखी पाहुणे चेक-इन करत असतील तेव्हाच म्हणा, आणि जरा मोठ्याने. खोली पटकन बदलून मिळते.