तुम्ही विचारलंत म्हणून: सोफ्यावरचा तो मोकळा खिळा

हो, सोफ्याच्या वर खिळा आहे आणि त्याला काहीच नाही. पॅसेजमध्ये पावसाचं चित्र, बेडरूममध्ये पवनचक्कीचं, आणि हॉलची नेमकी मुख्य भिंत उघडी, हे मलाही दिसतं. येणारं प्रत्येक माणूस चहाचा कप हातात आला की विचारतं, "इथलं चित्र कुठं गेलं गं?" आणि लगेच पुढचं, "बाकीची कुठून घेतलीस, लिंक दे ना." काच फुटली, फ्रेमवाल्याकडे दिलंय, असं काहीबाही सांगत आले. (कॅनव्हासला काच नसते हे अजून कुणाच्या लक्षात आलं नाही.) दीड वर्ष झालं. आता एकदाच लिहून टाकते.

आधी लिंकचं. लिंक नाहीये. प्रिंट लावायची मला लाज नाही, हेही इथंच सांगते. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला, आणि ज्यांनी आयुष्यात ऑइल पेंटिंग बघितलं नव्हतं त्यांच्या घरात लक्ष्मी-सरस्वती आल्या, तेव्हा कुणी "शी, प्रिंट!" म्हणालं नाही. पॅसेजमधला पूल आणि पाऊस हिरोशिगे या जपानी चित्रकाराचा, १८५७ चा, तो तर मुळात लाकडी ठशांनी छापून विकायलाच केलेला. म्हणजे त्याची ओरिजिनलच मुळी प्रिंट. पवनचक्की राउसडाल या डच चित्रकाराची, ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधली. ही म्युझियमं कॉपीराइट संपलेल्या चित्रांच्या मोठ्या फाइली साइटवर फुकट देतात, न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमनेही २०१७ पासून दिल्यात. फाइल उतरवायची, लांब बाजू ५००० पिक्सेलच्या आसपास आहे ना बघायचं, म्हणजे ए-थ्री आकाराची प्रिंट खणखणीत येते, मॅट पेपरवर काढायची, आणि बजेट फ्रेमसाठी राखून ठेवायचं, कारण प्रिंट अडीचशेची आणि माउंट, काच, पट्टी धरून फ्रेम अकराशेची होते. झालं. एवढंच आहे.

पण ही सगळी अक्कल नंतरची.

फ्लॅट घेतला तेव्हा मला हॉलमध्ये कोल्हापूर हवं होतं. पुण्यात राहून वीस वर्षं झाली तरी हवं होतं. रात्री फोनवर शोधता शोधता एक सापडलं, पंचगंगेचा घाट, सकाळचं धुकं, पाण्यात उभी देवळं, मागे पूल. ३६ बाय २४ इंच, कॅनव्हास, १,२९९ रुपये. मी उडी मारली. आल्यावर इतकी खूश होते की येणाऱ्या-जाणाऱ्याला किंमत आधी सांगायची आणि चित्र नंतर दाखवायची. जवळून जरा धूसर दिसायचं, तर मी म्हणायची वॉटरकलर आहे ना, असंच असतं. उजव्या कोपऱ्यात शेवटची पायरी पाण्यात विरून गेल्यासारखी होती. ती माझी सगळ्यात आवडती जागा. काय सोडून दिलंय बघा, असं मी कितीतरी जणांना दाखवलंय.

संक्रांतीला नवऱ्याच्या ऑफिसातला एक जण बायको आणि वडिलांना घेऊन आला. वडील कोल्हापूरचे, शाळेत ड्रॉइंगचे सर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली. ते आत आले आणि सोफ्यावर बसायच्या ऐवजी सोफ्यासमोर उभेच राहिले. मला वाटलं घाट ओळखला, गाववाले, म्हणून मी फुशारले.

"हे कुठनं आणलासा?"

"ऑनलाइन, सर! आणि सांगू का, फक्त बाराशेला."

"बाराशेला," ते म्हणाले. मग चष्मा लावला, पुढे झाले, आणि त्या उजव्या कोपऱ्यात, माझ्या त्या आवडत्या पायरीवर अंगठा ठेवला.

"हितं सही हुती माझी."

आवाज चढला नाही. मुलगाच चिडला, केस करू म्हणाला, तर म्हणाले, कुणावर? मग बसले, तिळाची वडी खाल्ली आणि जरा वेळाने माझ्याचकडे बघून म्हणाले, पाणी एवढं निळं नव्हतं, ह्यांनी रंग भडक केलेत. ते क्वार्टर इम्पिरियल कागदावर केलेलं, म्हणजे १५ बाय ११ इंच, घाटावर बसून, ऊन चढायच्या आत. मुलाच्या फोनवरून फोटो काढून फेसबुकला टाकला होता. मग माझ्या डोक्यात हिशोब लागला. असला फोटो फार तर २००० पिक्सेल, तो ३६ इंचांवर ताणला की इंचाला ५५ वगैरे पिक्सेल उरतात. मी जिला वॉटरकलरची मऊ धूसरता म्हणत होते ती फाटलेली फाइल होती. आणि ती विरून गेलेली पायरी म्हणजे सही पुसल्याचा डाग.

इथपर्यंत माझी चूक नाही असं म्हणता येईल. मी म्हणतेही. विकत घेणाऱ्याला कसं कळणार? पण खरी गोष्ट पुढे आहे आणि ती मी नवऱ्याशीसुद्धा नीट बोललेली नाही. सगळे गप्प होते, मला ते सहन झालं नाही, आणि मी हसत म्हणाले, "पण सर, बघा ना, तुमचं चित्र किती घरांत पोचलं!"

ते म्हणाले, "हां, ते बी खरंच." आणि चहा प्यायले.

माफी मागायची सोडून मी त्यांना हे ऐकवलं. स्वतःच्या सोफ्याची बाजू घेतली मी.

दुसऱ्या दिवशी विक्रेत्याकडे तक्रार केली. "क्वालिटी इश्यू" म्हणून पैसे परत आले, चित्र ठेवून घ्या म्हणाले. म्हणजे सरांचं चित्र मला फुकटात पडलं. महिन्याभराने तेच चित्र दुसऱ्या नावाच्या दुकानावर दिसलं, त्यात पाणी आणखी निळं. पैसे परत आल्याचं सरांना सांगितलेलं नाही.

आधीची मी अजून वाद घालते. कॉपी तर व्हॅन गॉगनेही केली, हाच हिरोशिगेचा पाऊस, १८८७ मध्ये, तेलरंगात. केली, पण जपानी चित्र म्हणूनच केली, कडेला जपानी अक्षरंसुद्धा काढली. आणि माझ्या पॅसेजमधल्या त्या स्वस्त प्रिंटवरही हिरोशिगेची सही आहे, चित्राबरोबरच छापलेली. कॅनव्हास ओल्या फडक्याने पुसता येतो का हे मी ऑर्डर करायच्या आधी तीनदा वाचलं होतं. चित्र कुणाचं, हे तिथं कुठंच लिहिलं नव्हतं आणि ते मला खटकलंच नाही. पण मग परत वाटतं, हॉटेलात, दवाखान्यात, रिसेप्शनवर लावलेली एवढी चित्रं, कोण वाचतं नावं? मीच का?

नवरा म्हणतो कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रेहमान लाव, कोल्हापूरही येईल आणि ते १९३१ ला गेले, कॉपीराइटचा मृत्यूनंतर ६० वर्षांचा नियम कधीच ओलांडला. कायद्याने बरोबर आहे. पण कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये लहानपणी बघितलेलं त्यांचं चित्र फोनवरच्या फोटोवरून ताणायचं म्हटलं की हात थांबतो.

"मग सरांकडून ओरिजिनलच घे ना!" हे तुम्ही आता म्हणणार, माहितीये. घाटाचं ते त्यांनी कुणालातरी देऊन टाकलंय. दुसरं मागू शकते. पण मागितलं आणि त्यांनी फुकटच देऊ केलं तर तोंड कुठं लपवू, आणि पंधरा हजार सांगितले तर? तर मला घासाघीस करावीशी वाटेल. माझी मला खात्री आहे. म्हणून फोन केलेला नाही.

कॅनव्हास कपाटामागे आहे, भिंतीकडे तोंड करून. टाकवत नाही. गेल्या आठवड्यात नवऱ्याने त्या खिळ्याला कालनिर्णय अडकवलं. मी काढलं. आज परत अडकवलेलं दिसतंय.