बारा नावांची वही : छोट्या मेथडिस्ट मंडळीत क्लास मीटिंग पुन्हा सुरू करताना

सभासद-यादीत ७८ नावं आणि रविवारच्या उपासनेला जेमतेम चाळीस माणसं, अशी आमच्या मेथडिस्ट (प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या) मंडळीची स्थिती होती. पाळकसाहेबांकडे सर्किटमधली, म्हणजे एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या चर्चच्या गटातली, आणखी तीन चर्च आहेत. महिन्यातले दोन रविवार ते आमच्याकडे असतात, बाकीचे लोकल प्रीचर, म्हणजे पाळक नसलेले पण उपदेश करणारे सभासद, सांभाळतात. उपासना चुकत नव्हती. पण कोणी सलग तीन रविवार आलं नाही तर विचारायला जायचं कोणी, हे ठरलेलं नव्हतं. ‘सगळ्यांनी एकमेकांकडे लक्ष ठेवावं’ अशी घोषणा वेदीवरून अनेकदा झाली होती. सगळ्यांना सांगितलेलं काम कोणाचंच नसतं, म्हणून आम्ही क्लास मीटिंग, म्हणजे बारा-बारा जणांचे गट करून एकेकाची विचारपूस ठेवायची जुनी पद्धत, पुन्हा सुरू करायचं ठरवलं.

ही पद्धत मेथडिस्टांची स्वतःची आणि तिचा जन्म पैशाच्या अडचणीतून झाला. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या प्रार्थनागृहावर कर्ज होतं. ते फेडण्याचा विचार करायला फेब्रुवारी १७४२ मध्ये सभासद जमले, तेव्हा कॅप्टन फॉय यांनी सुचवलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कोणीतरी म्हणालं, अनेकांना तेही झेपणार नाही. त्यावर ते म्हणाले की सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे लावून द्या, मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, आणि ज्याला जमणार नाही त्याचा वाटा मीच भरीन. एक नेमलेला माणूस, म्हणजे लीडर, आणि त्याच्याकडची अकरा नावं, असे हे बारा जण म्हणजे एक क्लास. पेनी गोळा करायला घरोघरी गेलेल्या लीडरांना कोण आजारी आहे, कोण व्यसनात अडकलंय, कोणाच्या घरात भांडण आहे हे दिसू लागलं. मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी त्यातलं मोल ओळखलं आणि कर्ज फेडण्याची सोय मंडळीच्या काळजीची सोय झाली. पुढे घरोघर फिरायला लीडरांचा वेळ पुरेना, नोकरीच्या घरी राहणाऱ्यांना मालक एकांतात भेटू देईनात, गैरसमज समोरासमोर बसल्याशिवाय मिटेनात. म्हणून सगळा क्लास आठवड्यातून एकदा एकत्र बसू लागला.

आम्ही भेट आणि बैठक दोन्ही ठेवल्या. नुसती बैठक ठेवली तर चालता येणारेच येतात आणि अंथरुणाला खिळलेले पुन्हा सुटतात.

सुरुवात यादीपासून केली, आणि सर्वांत जास्त वेळ तिथेच गेला. एकेका नावापुढे तीन प्रश्न होते : माणूस हयात आहे का, याच गावात आहे का, शेवटचं कोण भेटलं? पंधरा नावं मृत्यू आणि स्थलांतरामुळे गळली. उरलेल्या ६३ जणांचे पाच क्लास झाले, प्रत्येकात १२ किंवा १३. नियमित येणारे पण सभासद नसलेले लोक सुरुवातीला आम्ही यादीबाहेर ठेवले. ती चूक होती. ज्यांना विचारपूस सर्वांत लागते ते नेमके हेच लोक. आता त्यांची नावं वहीत वेगळ्या शाईने लिहिलेली असतात. सभासदत्वाच्या नोंदीत गोंधळ होत नाही आणि भेटही चुकत नाही.

पहिली वाटणी आडनावांनुसार केली होती. तीन आठवड्यांत ती मोडली, कारण एकाच क्लासची घरं गावाच्या चार टोकांना होती. दुसऱ्या वेळी वाटेनुसार केली : लीडर घरातून निघाला की एका फेरीत चार घरं होतील अशी. एकाच कुटुंबातले सगळे एका क्लासमध्ये असावेत असा आग्रह धरू नये. सासूसमोर सून बोलत नाही, वडिलांसमोर मुलगा बोलत नाही. ज्यांना हवं त्यांना वेगळा क्लास द्यावा.

लीडर निवडताना चांगलं बोलणारा माणूस शोधू नका. वेळ पाळणारा आणि ऐकलेलं पोटात ठेवणारा माणूस हवा. प्रत्येक लीडरला पहिल्या दिवसापासून एक सहायक द्या. आजारपण किंवा प्रवास आला की एकट्या लीडरचा क्लास महिनाभर बंद पडतो, आणि बंद पडलेला क्लास उभा करणं हे नवा क्लास काढण्याहून कठीण.

वही साधी, रेघांची. प्रत्येक नावाला एक पान आणि पानावर चार रकाने : तारीख, भेट की फोन, पुढे काय करायचं, कोणी करायचं. पाचवा रकाना ‘काय बोलणं झालं’ असा होता, तो आम्ही काढून टाकला. वही हरवू शकते, घरातलं दुसरं कोणी चाळू शकतं. ‘डॉक्टरकडे सोबत हवी, गुरुवार’ एवढं पुरतं. आजाराचं नाव, घरातली भांडणं, पैशांची तंगी हे कागदावर उतरवू नये. हाच नियम रविवारच्या प्रार्थना-विनंत्यांना लावला. ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याची परवानगी आधी घेतल्याशिवाय वेदीवरून नाव घेत नाही. प्रेमापोटी जाहीर केलेलं आजारपणही माणसाला दुखावतं, आणि तो मग मंडळीला काही कळवेनासा होतो.

भेटीची वेळ आदल्या दिवशी फोन करून ठरवतो. अर्धा तास पुष्कळ झाला, आजारी माणसाकडे पंधरा मिनिटं. आधी ऐकायचं, मग ‘प्रार्थना करू का?’ असं विचारायचं. नको म्हटलं तर नको. वचन वाचायचं असेल तर पाच-सहा ओव्या, पूर्ण अध्याय नाही. भेटीत वर्गणीचा विषय काढायचा नाही, कारण एकदा काढला की पुढच्या वेळी दार उघडताना माणूस पाकीट आठवतो. क्लासचा जन्म वर्गणीतून झाला हे खरं, पण आमच्या अर्पणाची पाकिटं रविवारीच येतात, आणि ती तिथेच बरी.

बैठक पंधरवड्यातून एकदा, एक तास. एक गीत, छोटी प्रार्थना, मग प्रत्येकाला एकच प्रश्न : या दिवसांत तुमचा जीव कसा आहे? वेस्लींच्या काळापासून क्लासचा गाभा हाच प्रश्न राहिला आहे. बारा जण आणि प्रत्येकी तीन मिनिटं म्हणजे ३६ मिनिटं, म्हणून लीडरच्या हातात घड्याळ हवंच. उत्तर द्यायची सक्ती नाही, ‘पुढे जा’ म्हणता येतं. लीडरने सुरुवात स्वतःपासून करायची आणि मनापासून सांगायचं. तो गुळमुळीत बोलला तर बाकीचे अकरा जणही ‘देवाची कृपा, सगळं ठीक’ म्हणून मोकळे होतात. सल्ला द्यायला बंदी आहे. हा नियम पाळायला आम्हाला सर्वांत जड गेला. कोणी दुःख सांगितलं की उपाय सुचवायचा मोह होतो आणि मग सांगणाऱ्याचं बोलणं तिथेच थांबतं. शेवटची दहा मिनिटं वहीतल्या ‘पुढे काय’ या रकान्यासाठी.

चर्चबाहेरचं काम आम्ही यानंतर, चौथ्या महिन्यात हाती घेतलं. आधी नाही, कारण घरातल्यांचीच नावं माहीत नसताना शेजाऱ्यांना बोलावलं तर ते एकदा येतात आणि परत फिरकत नाहीत. आठवड्यातल्या एका दुपारी दोन तास हॉल उघडा ठेवतो. एकटे राहणारे वयस्कर, नुकतीच तान्ह्या मुलांची आई झालेली, कोणीही यावं. खुर्च्या रांगेत मांडल्या की लोक कार्यक्रमाची वाट पाहत गप्प बसतात. सहा-सहा खुर्च्यांचे गोल केले की आपोआप बोलू लागतात. एका गोलात आपली माणसं दोनपेक्षा जास्त नकोत, नाहीतर मंडळीचे लोक एकत्र बसतात आणि पाहुणा भिंतीशी राहतो. दाराशी दोघं, चहाकडे दोघं, आणि आवराआवरीला वेगळे दोघं. तेच ते लोक सगळं करू लागले की तिसऱ्या महिन्यात थकतात. पहिले काही आठवडे येणारे चार-पाचच असतात. वार आणि वेळ न बदलता किमान बारा आठवडे चालवल्याशिवाय यश-अपयश ठरवू नका. वार बदलला की जे थोडे येतात तेही हरवतात.

मदतीसाठी एक छोटा निधी आहे. त्याचे नियम आम्ही जुन्या मेथडिस्ट स्टुअर्डांकडून (मंडळीचे पैसे सांभाळणाऱ्यांकडून) घेतले : जमेपेक्षा खर्च जास्त नको, देणं आठवड्याच्या आत चुकवायचं, आणि मदत करता आली नाही तरी गरजूला कडू शब्द किंवा आंबट चेहरा दाखवायचा नाही. दोन स्टुअर्डांच्या सह्यांशिवाय पैसा हलत नाही. मदत कोणाला दिली हे फक्त त्या दोघांना आणि पाळकसाहेबांना माहीत असतं, वार्षिक हिशेबात एकूण आकडा येतो. १७४६ मध्ये वेस्लींनी लंडनमध्ये छोट्या कर्जांचा निधी काढला होता, कर्ज वीस शिलिंगांपर्यंत, तीन महिन्यांत फेडायचं. आम्हीही त्यावर बराच विचार केला आणि कर्ज न देण्याचं ठरवलं. एवढ्या लहान मंडळीत देणारा आणि घेणारा एकाच बाकावर बसतात. हप्ता चुकला की घेणारा उपासनेलाच येईनासा होतो. त्यापेक्षा रक्कम लहान ठेवून सरळ द्यावी. मदतीबरोबर पत्रक देत नाही, आणि रविवारी या असंही म्हणत नाही. त्याने स्वतः विचारलं तर उपासनेची वेळ सांगतो.

मुलं आणि परावलंबी वृद्ध यांच्या बाबतीत एक नियम कधीच सैल करत नाही : कोणीही प्रौढ त्यांच्यासोबत बंद खोलीत एकटा नसतो. नेहमी दोघं, आणि ते दोघं एकाच कुटुंबातले नकोत. गाडीतून ने-आण करतानाही हेच. ‘इथे सगळे ओळखीचे आहेत’ म्हणून छोट्या मंडळीत या नियमाला विरोध होतो. आमच्याकडेही झाला. पण ओळखीचे असणं ही हमी नाही, म्हणून नियम लेखी आहे आणि हॉलच्या दारावर लावलेला आहे.

दर तीन महिन्यांनी पाचही लीडर वह्या घेऊन पाळकसाहेबांसोबत बसतात. ज्या पानावर सहा आठवडे तारीख नाही ते पान आधी उघडतं. बहुधा ते अवघड माणूस असतं : रागावलेलं, किंवा जिथे गेल्यावर लीडरला अपुरं वाटतं असं. ते नाव दुसऱ्या लीडरकडे देतो, पहिल्याला दोष न देता. तेराचे पंधरा झाले की क्लास फोडतो आणि सहायक नव्या क्लासचा लीडर होतो. गाव सोडून जाणाऱ्याचं पान फाडत नाही. नव्या ठिकाणच्या चर्चला त्याच्या संमतीने पत्र पाठवतो आणि उत्तर आलं की त्या पानावर तारीख टाकतो.