काजूच्या पानातून एमआरएनए काढताना

एमआरएनए, म्हणजे जनुकाचा संदेश वाहणारा आरएनए, आला नाही की पहिला आळ त्याला पकडणाऱ्या चुंबकी मण्यांवर, बीड्सवर येतो. बहुतेक वेळा त्या निर्दोष असतात. आपण त्यांच्यापुढे काय वाढलं, तिथेच घोळ असतो.

पॉलिस्टायरीनच्या चुंबकी बीडवर २५ थायमिनची कृत्रिम साखळी असते. एमआरएनएच्या शेपटातली अडेनिनं तिला धरतात, बाकीचं धुऊन जातं. अ‍ॅव्हिव आणि लेडर यांनी १९७२ मध्ये हेच सेल्युलोजच्या कॉलमवर केलं होतं.

काजूच्या पानात फिनॉल आणि चिकट पॉलिसॅकराइड भरपूर. आरएनए काढायच्या नेहमीच्या द्रावणाने, ट्रायझॉलने, बऱ्याचदा तपकिरी, जेलीसारखा गोळाच हाती येतो. इथे दुसरा कृत्रिम पॉलिमर कामाला येतो, पीव्हीपी. तो फिनॉलला बांधून ठेवतो. बफरात २ टक्के सीटॅब (पेशी फोडणारा डिटर्जंट), २ टक्के पीव्हीपी, २ मोलर मीठ, १०० मिलीमोलर ट्रिस, २५ मिलीमोलर ईडीटीए, आणि ऐनवेळी २ टक्के बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल. पान कोवळंच घ्या. बफर आधीच ६५ अंशांवर तापवून ठेवा, कारण जुलैच्या हवेत द्रव नायट्रोजनमध्ये वाटलेल्या पुडीवर बघता बघता दव धरतं. पूड वितळली की आरएनए तोडणारी एन्झाइमं, आरएनेज, मोकाट सुटतात आणि फिनॉल काळवंडतात. पूड गोठलेलीच बफरात पडली पाहिजे.

मग क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल दोनदा, आणि २ मोलर लिथियम क्लोराइडमध्ये रात्रभर ४ अंशांवर. सकाळी गोळा तपकिरी दिसला तर बीड्स उघडूच नका. पांढरा असेल तर ७० टक्के इथेनॉलने धुवा, डीएनए तोडणारं डीएनेज द्या, पुन्हा साफ करा.

आता ७५ मायक्रोग्रॅम आरएनए १०० मायक्रोलीटरमध्ये, ६५ अंशांवर २ मिनिटं, लगेच बर्फात. १ मिलीग्रॅम बीड्स १ मोलर लिथियम क्लोराइडच्या बाइंडिंग बफरात एकदा धुऊन त्याच्याच १०० मायक्रोलीटरमध्ये घ्या. दोन्ही एकत्र करून ५ मिनिटं फिरवा. ०.१५ मोलर लिथियम क्लोराइडच्या वॉश बफरने दोनदा धुवा. बीड्स सुकू देऊ नका, फ्रीझरमध्ये तर मुळीच ठेवू नका. शेवटी १० मिलीमोलर ट्रिस, २० मायक्रोलीटर, ८० अंशांवर २ मिनिटं, आणि गरम असतानाच चुंबकावर. मीठ हा सगळा खेळ चालवतं: ते असलं की दोन साखळ्यांचे ऋण भार झाकले जातात, नसलं की थोड्या उष्णतेनेही जोडी सुटते. म्हणून जादा काळजीपोटी वॉशमध्ये साधं पाणी घालणाऱ्याचा एमआरएनए सिंकमध्ये जातो.

एकूण आरएनएमध्ये एमआरएनए १ ते ५ टक्के. ७५ मधून १० मायक्रोग्रॅम मिळाले तर खूश होऊ नका, त्यातला बराचसा राइबोसोमल आरएनए, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या राइबोसोमचा आरएनए आहे. आरएनए किती आहे एवढंच मोजणाऱ्या नॅनोड्रॉपला हा फरक कळत नाही. आरएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे दाखवणाऱ्या बायोअ‍ॅनालायझरवर बघा आणि बीड्सची दुसरी फेरी करा.

हीच पद्धत तिसऱ्यांवर, म्हणजे खायच्या शिंपल्यांवर, चालवली तर आणखी एक गंमत. राइबोसोमल आरएनएचे दोन मोठे रेणू असतात, २८एस आणि त्याहून लहान १८एस; शिंपल्यांच्या २८एस आरएनएला मधोमध छुपी खाच असते. तापवलं की त्याचे दोन तुकडे १८एसच्या जागी येऊन बसतात आणि चांगल्या नमुन्याचाही आरआयएन, म्हणजे आरएनए किती शाबूत आहे ते सांगणारा आकडा, घसरतो. नमुना फेकू नका. पानातल्या क्लोरोप्लास्टचे एमआरएनए मात्र बीड्सवर सहसा टिकत नाहीत. कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या रुबिस्को एन्झाइमच्या मोठ्या भागाचा, क्लोरोप्लास्टमधला, एमआरएनए हवा असेल तर राइबोसोमल आरएनए काढून टाकणारं किट घ्या.