धाकटीच्या लग्नासाठी छायाचित्रकार निवडताना

धाकट्या बहिणीच्या लग्नाची कामे घरात वाटली गेली तेव्हा छायाचित्रकार ठरवण्याचे काम माझ्या वाट्याला आले. त्यासाठीची रक्कम आधीच ठरलेली होती आणि ती वाढणार नाही, हे बाबांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले होते. त्या रकमेत काय बसते, याची मला काहीच कल्पना नव्हती. म्हणून ओळखीपाळखीतून नावे गोळा केली आणि सात जणांकडून पॅकेजचे तपशील मागवले.

ते सातही कागद एकाशेजारी एक मांडल्यावर लक्षात आले की त्यांची तुलनाच होऊ शकत नाही. एकाने दोन छायाचित्रकार, ड्रोन, दोन अल्बम आणि लग्नाआधीचे चित्रीकरण असे सगळे एकाच गाठोड्यात बांधले होते, दुसऱ्याने नुसते तास मोजले होते, तर तिसऱ्याच्या कागदावर ‘अमर्याद फोटो’ असे ठळक छापलेले असूनही त्यांपैकी किती फोटो निवडून आणि रंग-प्रकाश दुरुस्त करून हाती मिळणार, याचा कुठेही उल्लेख नव्हता. मग मी सगळ्यांना एकच मागणी कळवली: एक छायाचित्रकार, आठ तास, निवडक फोटो पूर्ण आकाराच्या फाइलींत, अल्बम नको, ड्रोन नको. चौघांनी पॅकेज मोडता येणार नाही असे सांगितले किंवा उत्तरच दिले नाही. तिघे उरले आणि तिघांचेही आकडे आमच्या आवाक्याच्या जवळपास होते.

बहिणीने इन्स्टाग्रामवरची चित्रे पाहून त्यांतला एक जवळजवळ पक्का केला होता. चित्रे सुंदर होती, यात शंका नाही. परंतु पन्नास लग्नांतली पन्नास उत्तम चित्रे निवडून लावली तर कोणाचेही काम सुंदरच दिसेल, असे मला वाटत होते. म्हणून मी तिघांनाही विनंती केली की आमच्यासारख्याच बंद सभागृहातल्या एका लग्नाचे ग्राहकाला दिलेले सगळे फोटो, पहिल्यापासून शेवटपर्यंत, दाखवा. सगळ्या शोधात हीच एक विनंती खऱ्या अर्थाने उपयोगी पडली.

बहिणीच्या पसंतीच्या छायाचित्रकाराकडे आम्ही दोघी लॅपटॉपसमोर बसलो. सुरुवातीचे दीडशे फोटो खिडकीच्या उजेडातले होते आणि ती ते पाहून माझ्याकडे विजयी नजर टाकत होती. पुढे सभागृह आले आणि चित्रच पालटले. चेहरे पांढरेफटक, कपाळावर फ्लॅशची चकाकी, मागच्या भिंतीवर प्रत्येक डोक्याची काळी सावली आणि दुसऱ्या रांगेपासून मागची माणसे अंधारात बुडालेली. वधूच्या वडिलांनी डोळे पुसतानाचा एक फोटो होता. क्षण अचूक पकडलेला, पण हात इतका हललेला की बोटे मोजता येत नव्हती. बहीण काही बोलली नाही. जिना उतरताना एवढेच म्हणाली, “ताई, पुढचा कधी बघायचा?”

असे का होते, हे मला नंतर समजले. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिलीमीटरची साधी लेन्स लांबचे दृश्य जवळ घेताना एफ ५.६ पेक्षा अधिक उघडत नाही; एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे तोंड मोठे. एफ २.८ ची लेन्स तिच्या चौपट प्रकाश आत घेते, त्यामुळे शटर लवकर मिटते आणि हलणारा हात स्थिर दिसतो. शिवाय फ्लॅश थेट तोंडावर न मारता पांढऱ्या छतावर मारला, तर उजेड वरून मऊ होऊन पसरतो. आमच्या सभागृहाचे छत गडद तपकिरी होते, म्हणजे हीही सोय नव्हती. पुढच्या दोघांना मी हीच अडचण आधी सांगितली.

दुसऱ्याचे काम चांगले होते. बोलणे जवळजवळ संपल्यावर सहज विचारले, तेव्हा कळले की त्या दिवशी ते स्वतः दुसरीकडे असणार आणि आमच्याकडे सहायकाला पाठवणार होते. सहायकाचे एकही पूर्ण लग्न दाखवायला त्यांच्याकडे नव्हते. विसार दिलेला नव्हता, हे आमचे नशीब.

तिसऱ्याने छताचा फोटो मागवून घेतला आणि दोन फ्लॅश स्टँडवर लावून बाजूने प्रकाश टाकतो, असे सांगितले. त्याच्या हातात निकॉनचा डी ७५० होता, म्हणजे २०१४ साली बाजारात आलेले मॉडेल, आणि ते पाहून बाबांचा चेहरा थोडा उतरला. त्याने कॅमेऱ्याचे झाकण उघडून आत शेजारी शेजारी बसलेली दोन मेमरी कार्डे दाखवली. “ताई, प्रत्येक फोटो दोन्हीकडे लिहिला जातो. एक कार्ड गेलं तरी लग्न जात नाही.” घरी येऊन मी हिशेब केला. १२ बाय १८ इंचांच्या छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरले तर सुमारे १.९४ कोटी पिक्सेल लागतात. हा कॅमेरा सुमारे २.४ कोटी देतो. नव्या कॅमेऱ्याचा हट्ट तिथेच संपला.

पैसे कमी पडत होते ते तासांतून वाचवले. आठाचे सहा तास केले, तयारीचे आणि अखेरच्या निरोपाचे फोटो घरच्यांवर सोपवले. त्याच्या दरात मात्र घासाघीस केली नाही, कारण दर उतरवला की काम कुठेतरी उतरतेच, असे माझे मत आहे.

करारावर बाबा अडले. एवढ्या भल्या मुलाकडून सही काय घ्यायची, असा त्यांचा सूर होता. तोच म्हणाला, “काका, लिहूनच ठेवा. मागे एका घरी साठ फोटोंवरून वाद झाला, तेव्हा तोटा मलाच झाला.” मग लिहिले: कोण येणार, तो आजारी पडल्यास बदली कोण, किमान ४०० फोटो, ४५ दिवसांची मुदत, पैशांचे तीन हप्ते, तारीख बदलल्यास विसाराचे काय, आणि आमचे फोटो त्याने कुठेही लावण्यापूर्वी आमची परवानगी.

समूहचित्रांची यादी मात्र माझ्याकडे होती. निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांना २००६ चे गणिताचे इग नोबेल, म्हणजे हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारे गमतीचे पारितोषिक, कशासाठी मिळाले, हे मला तेव्हाच कळले: एकाचेही डोळे मिटलेले नसलेला फोटो हवा असेल तर किती वेळा टिपावा, याच्या हिशेबासाठी. वीसपेक्षा कमी माणसे असतील तर चांगल्या उजेडात संख्येला तीनने भागायचे आणि मंद उजेडात दोनने. आमच्या अठरा जणांच्या गटापुढे मी नऊ लिहिले. तो हसला, पण त्याने नऊ काढले.

४१ व्या दिवशी ४६२ फोटो आले. सभागृहातले चेहरे माणसांच्या रंगाचे आहेत, भिंतींवर सावल्या नाहीत. दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर प्रती ठेवल्या आहेत आणि अल्बम पुढच्या वर्षी छापू. समूहचित्रांच्या यादीत मात्र मी आत्याचे कुटुंब लिहायला विसरले होते, आणि ते फोटो पाहताना सर्वांत आधी तिच्याच लक्षात आले.