उभ्या ग्रुपचा छडा लागला, बॅरल निर्दोष

सापडलं, मंडळी. माझ्या रायफलचे शॉट एकाखाली एक, उभे का पसरतात, याचं कारण दोन महिने शोधत होतो, ते शनिवारी रात्री घरच्या जेवणाच्या टेबलावर सापडलं. खाली वर्तमानपत्र, वर रायफलचा मोकळा केलेला बोल्ट आणि शेजारी रिकाम्या पुंगळ्यांची रांग.

मागची नोंद डिसेंबरातली होती. बालेवाडीच्या रेंजवर सकाळच्या पहिल्या डिटेलमध्ये (नेमबाजांच्या पाळीत) प्रोनचे, म्हणजे पोटावर झोपून मारायचे, ६० शॉट ६०७.८ वर आटोपले. हीच अ‍ॅन्शुट्झ १९१३ रायफल दिवाळीआधी ६२० ला जात होती. वाऱ्याने ग्रुप, म्हणजे निशाण्यावरचा शॉटचा पुंजका, आडवा पसरतो, हा उभा पसरत होता. सात-आठ शॉट मधोमध बसायचे आणि मग एक ९.५ थेट खाली, घड्याळातल्या सहाच्या बाजूला. कॉल (शॉट कुठे लागला असेल हा माझा स्वतःचा अंदाज) स्वच्छ दहाचा, ट्रिगर सुटताना फोरसाइट जागेवर, आणि पडद्यावर ठिपका खाली. असा शॉट पाहिला की पोटात खड्डा पडतो.

पहिला संशय अर्थातच स्वतःवर. श्वास, स्लिंगच्या (हाताला रायफल धरून ठेवणाऱ्या पट्ट्याच्या) दाबाने जाणवणारी नाडी, डाव्या कोपराची जागा, सगळं तपासलं. स्लिंग एक भोक सैल करून पाहिली. अ‍ॅक्शनचे, म्हणजे बोल्टचा भाग दस्त्याला धरणारे, स्क्रू टॉर्क रेंचने ५ न्यूटन-मीटरवर पुन्हा घट्ट केले. (रेंच नसेल तर घ्याच. हाताच्या अंदाजाने स्क्रू पिळून मग गोळ्यांच्या लॉटला, म्हणजे एका खेपेत बनलेल्या गोळ्यांना, दोष देणारे बरेच पाहिलेत.) फरक शून्य.

मग गोळी. इथे एका पुरवठादाराने मोठा घोळ घातला. एकच लॉट हवा म्हणून बजावून सांगितलं होतं, तरी आलेल्या मालात दोन लॉटची खोकी सरमिसळ निघाली. पहिल्याच दिवशी प्रत्येक खोक्यावरचा नंबर वाचला असता तर माझे दोन आठवडे वाचले असते. आता खोकं उघडण्याआधी नंबर वहीत जातो. शेवटी रायफल व्हाइसमध्ये (घट्ट पकडणाऱ्या शिकंजात) बांधून तीन लॉट मारले, एलीचे दोन आणि आरडब्ल्यूएस आर५० चा एक. तिन्ही उभे पसरले. व्हाइसला श्वास नसतो की नाडी नसते, त्यामुळे मी तरी सुटलो. तिन्ही लॉट माझ्या बॅरलला चालत नाहीत असं वहीत लिहिलं. ही नोंद चुकीची होती, त्यावर पुढे येतोच.

राहिलं बॅरल. रायफल सेकंड हँड, आधीच्या मालकाने किती राऊंड मारले याचा हिशेब नाही. रिमफायर गोळीत पेटणारा मसाला, म्हणजे प्रायमर, पुंगळीच्या कडेत (रिममध्ये) असतो आणि त्यात काचेची पूड असते. ती, कार्बन आणि मेण मिळून चेंबरच्या तोंडाशी कडक कडं धरतं. ब्रश आणि सॉल्व्हंटने तीन रात्री ते खरवडलं. एकसंध कोटेड रॉड आणि बोअर गाइड याशिवाय हे काम करू नये. जोडाच्या रॉडने चेंबरची कड खराब होते. नळी आरशासारखी झाली, ग्रुप तसाच राहिला.

त्या आठवड्यात मनाने मी रायफल बदललीच होती. वॉल्थर केके५०० या रायफलचा भाव विचारून झाला होता, क्लबातल्या एकाच्या रायफलवर पडून पाहिलं होतं. स्टॉक (दस्ता) सुरेख आहे, गालाखालचा चीकपीस आणि खांद्याला टेकणारी बटप्लेट मनासारखी बसवता येते. २०२४ च्या ऑगस्टात कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसला ४५१.४ मारून थ्री-पीचं (तीन पोझिशनमधल्या रायफल नेमबाजीचं) कांस्य आणलं, तेव्हापासून रेंजवर नवी मुलं येतात आणि पहिला प्रश्न ‘कुठली रायफल घेऊ’ हाच असतो. माझं मत कायम आहे: आधी अंगाला बसणारा स्टॉक, मग बॅरलला आवडणारा लॉट, आणि नाव सगळ्यात शेवटी. हे दुसऱ्यांना सांगणारा मी, न कळलेल्या दोषापायी लाखोंचा खर्च करायला निघालो होतो.

वाट दाखवली एका मित्राच्या रडार क्रोनोग्राफने, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्राने. जानेवारीतली सकाळ, अंगात स्वेटर, एकाच लॉटचे वीस शॉट. सर्वांत मंद १०२१ फूट प्रतिसेकंद, सर्वांत वेगवान १०६८. म्हणजे ४७ चा फरक! गणित मांडलं तर एवढ्या फरकाने ५० मीटरवर साधारण ११ मिलिमीटरची उंची बदलते. दहाचं वर्तुळच १०.४ मिलिमीटरचं. खालचे शॉट आकड्यानिशी समोर आले, आणि त्या वीस शॉटांत सर्वांत मंद गोळ्याच सर्वांत खाली होत्या.

दुपारी एकला तोच लॉट पुन्हा मारला. फरक २९ वर आला. तेव्हा लख्ख उजेड पडला. माझा उभा ग्रुप हा सकाळचा आजार होता. दुपारी बालेवाडीचा वारा ग्रुप आडवा फाडतो, म्हणून उंची सुधारलेली मला कधी दिसलीच नव्हती.

सकाळच्या आणि दुपारच्या पुंगळ्या वेगवेगळ्या पिशव्यांत घरी आणल्या आणि भिंगाखाली धरल्या. दुपारच्यांवर फायरिंग पिनचा (रिमवर आदळून गोळी पेटवणाऱ्या पिनचा) ठसा सगळीकडे सारखा: चौकोनी, खोल, कडा ठसठशीत. सकाळच्यांत दर चार-पाच पुंगळ्यांमागे एक ठसा उथळ, कडा विरलेल्या, नखाने चाचपला तर जेमतेम लागतो. रिममधला मसाला नीट चिरडला गेला नाही की पेट कमी-जास्त होतो आणि वेग घसरतो.

बोल्ट मोकळा केला. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत पिवळसर ग्रीस भरलेलं, थंड काकवीसारखं. पिन बोटाने ढकलली तर तार धरत सरकत होती. हे ग्रीस मीच भरलं होतं, जूनमध्ये, पावसात गंज चढू नये म्हणून, आणि भरपूर भरलं होतं. उन्हाळ्या-पावसाळ्यात ते पातळ राहिलं. थंडीत घट्ट झालं आणि पिनचा वेग खाऊ लागलं.

सगळं पेट्रोलने धुतलं, वाळवलं, पिन कोरडी ठेवली. फक्त कॉकिंगच्या, म्हणजे पिन मागे ओढणाऱ्या, उतारावर टाचणीच्या टोकाएवढं ग्रीस. रविवारी सकाळी सातला पहिल्या डिटेलला गेलो. हातमोज्यातही बोटं गारठत होती. वीस शॉटचा वेगातला फरक २३. मग पूर्ण मॅच: ६१९.६. खाली गेलेले तीन शॉट होते, तिन्ही मी खालीच कॉल केलेले. पाचव्या सिरीजमध्ये (दहा शॉटच्या गटात) सलग चार वेळा १०.७ च्या वर लागला तेव्हा मॅटवर पडल्या पडल्या डोळे भरून आले.

केके५०० चा विचार बाजूला. नव्या बॅरलचाही. त्या पैशांतून आधी फायरिंग पिनची नवी स्प्रिंग मागवणार. ही किती जुनी आहे देव जाणे, आणि २३ वरून आणखी खाली यायला जागा आहे असं वाटतं.

पुढचा बेत खरं तर प्रोन सोडून नीलिंगकडे (गुडघ्यावर बसून मारण्याकडे) वळायचा होता. पण हे लिहिता लिहिता लक्षात आलं, डिसेंबरात नापास केलेले तिन्ही लॉट याच आजारी बोल्टने मारले होते. त्यांतला एलीचा एक लॉट क्लबच्या साठ्यातला, मी नको म्हटल्यावर आमच्या एका ज्युनिअर मुलीने उचलला. गेला महिनाभर ती त्याच लॉटवर स्वतःचा सर्वोत्तम स्कोअर मोडतेय. म्हणजे नीलिंग थांबेल. येत्या रविवारी तिन्ही लॉट पुन्हा व्हाइसमध्ये, प्रत्येकी ४० शॉट, सकाळीच. क्लबकडे त्या लॉटची अकरा खोकी शिल्लक आहेत, ती संपायच्या आत निकाल लागायला हवा.