निरीक्षण वहीतला शेवटचा रकाना

शनिवार, रात्री

आंतरवासितेत, म्हणजे शाळेत राहून करायच्या सरावात, छात्राध्यापकांच्या (शिक्षक होण्यासाठी शिकणाऱ्यांच्या) निरीक्षण वह्या उघडल्या की बहुतेक पानांवर तेच असतं: 'प्रस्तावना आकर्षक, फलकलेखन सुवाच्य, वर्गनियंत्रण चांगले.' हे शेरे झाले, निरीक्षण नव्हे. दोष छात्राध्यापकांचा नाही. बघायचं काय, हेच त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. लहानपणापासून त्यांनी शिक्षक पाहिलेत, पण बाकावर बसून. डॅन लॉर्टी या समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं: विद्यार्थ्याला शिकवणं दिसतं, त्यामागचा विचार दिसत नाही.

म्हणून एका तासाला एकच गोष्ट बघावी. समजा, प्रश्न. पानावर तीन रकाने आखायचे: प्रश्न जसाच्या तसा, शिक्षक किती सेकंद थांबले, उत्तर कोणी दिलं. शेजारी बाकांचा नकाशा काढून, ज्याला विचारलं त्याच्या चौकोनात एक रेघ. रेघा पुढच्या दोन रांगांतच साचत असतील तर ते तास संपायच्या आत दिसतं. मेरी बड रो या शिक्षण-संशोधकांच्या अभ्यासात प्रश्नानंतरची सरासरी वाट जेमतेम १ सेकंदाची निघाली; ती ३ सेकंदांवर गेली की मुलं मोठी उत्तरं देतात, गप्प मुलंही बोलू लागतात. वाचून पटतंच. पण ३ सेकंदांची शांतता किती लांब असते, ते घड्याळ लावून मोजल्याशिवाय कळत नाही. वर्गातलं बोलणं १० प्रवर्गांत विभागून दर ३ सेकंदांनी नोंद करायची फ्लँडर्सची पद्धत मात्र पहिल्या आठवड्यात नको. आकडे लिहिण्यातच तास जातो.

खरं शिकणं तासानंतरच्या दहा मिनिटांत असतं. 'तुम्ही हे कसं जमवता?' असं विचारलं तर 'सवयीनं' एवढंच उत्तर येतं. प्रश्न क्षणावर बोट ठेवणारा हवा: 'बाराव्या मिनिटाला तुम्ही उदाहरण बदललंत, तेव्हा काय दिसलं होतं?' मग कळतं, की दोन मुलांच्या वहीत १/२ + १/३ = २/५ ही चूक दिसली होती, म्हणून कागदाची पट्टी पुढे आली. पाठ टाचणात, म्हणजे तासाच्या आधी लिहिलेल्या आराखड्यात, ती पट्टी कुठेच नसते.

नक्कल मात्र फसते. अनुभवी शिक्षिका नुसत्या बघतात आणि वर्ग शांत होतो. छात्राध्यापक तसंच बघतो, काहीच होत नाही. त्या नजरेमागे वर्षाच्या सुरुवातीला लावलेल्या सवयी असतात. वह्यांचं वाटप कसं करतात, गट कसे बसवतात, उशिरा आलेल्याला काय सांगतात, हे कंटाळवाणं वाटलं तरी टिपायला हवं.

सहाध्यायीचा पाठ बघताना काय बघायचं ते शिकवणाऱ्यानेच ठरवावं, आणि बघणाऱ्याने आधी नोंद वाचावी, मत नंतर. 'मुलं कंटाळली' यावर वाद होतो. 'बाविसाव्या मिनिटाला सहा जणांनी वही मिटली' यावर बोलणं होतं.

सोमवारच्या वह्यांमधून 'शेरा' हा रकाना काढायचा. त्या जागी: 'तासानंतर विचारायचा प्रश्न.'