पाय सुटला पाहिजे

‘तुमचा आणि घोड्यांचा संबंध काय?’ अमेरिकेतली जुनी घोडेस्वार फॅनी स्पेरी, तिचं नाव काढलं की हा प्रश्न येतोच. आज तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते. संबंध माथेरानपुरता. दस्तुरी नाक्यावर घोडा केला आणि रिकिबीत अख्खं पाऊल खुपसून बसले. घोडेवाले काका खेकसले, ‘ताई, नुसता चवडा ठेवा. पडलात तर पाय सुटला पाहिजे, नाहीतर फरफटत जाल!’

पुढे अमेरिकेतल्या रोडिओबद्दल वाचताना काकांचं ते वाक्य सारखं आठवत राहिलं. दुगाण्या झाडणाऱ्या, न माणसाळलेल्या घोड्यावर टिकून राहायचं, असा तो खेळ. बायकांना त्यात एक सवलत असे: दोन्ही रिकिबी घोड्याच्या पोटाखालून पट्ट्याने एकमेकींना बांधायच्या. रिकिबी हलत नाहीत, पाय जागेवर राहतात, बैठक टिकते. फक्त घोडा कोसळला, तर पाय सुटणं अवघड.

माँटाना राज्यातल्या हेलेनाजवळ १८८७ साली जन्मलेली फॅनी ही सवलत घेत नसे. पुरुषांसारख्याच मोकळ्या रिकिबी. १९१२ मध्ये कॅनडातल्या कॅलगरी स्टॅम्पीड या रोडिओत तिच्या वाट्याला रेड विंग नावाचा घोडा आला. याच घोड्याने काही दिवसांपूर्वी एका काउबॉयचा जीव घेतला होता. पावसाने मैदानाचा चिखल झालेला. पंचविशीतली ही मुलगी त्याच्यावर बसली, टिकली आणि बायकांत जगज्जेती ठरली. बक्षीस हजार डॉलर.

१९२९ मध्ये ऑरेगनमधल्या पेंडलटनच्या रोडिओत बॉनी मॅकॅरोल ही दुसरी स्वार बांधलेल्या रिकिबींनी उतरली. घोडा तिच्यासकट उलटला, उठून उधळला, तिचा पाय अडकलेलाच. काही दिवसांनी ती गेली. त्यानंतर पेंडलटनने बायकांची ही स्पर्धाच बंद केली. पट्टा सोडण्यापेक्षा बाईला बाहेर काढणं सोपं वाटलं असावं, असं माझं आपलं मत. १९४८ मध्ये टेक्सासच्या सॅन अँजेलोत ३८ जणींनी स्वतःची संघटना काढली, तेव्हा कुठे रोडिओत बायकांना स्वतःचं मैदान मिळालं.

फॅनी मधल्या काळात नवऱ्याबरोबर माँटानात रँच चालवत होती, शिकाऱ्यांना डोंगरात नेत होती. १९४० मध्ये नवरा वारला, पण हिने काम सोडलं नाही. कबऱ्या घोड्यांचं वेडही. १९८३ मध्ये गेली तेव्हा पंचाण्णव वर्षांची होती.

मी मात्र त्या दिवशी चवड्यावर, जीव मुठीत धरून, माथेरानच्या बाजारापर्यंत. परतताना चालत आले.